आता सोडून काय उपयोग?



तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाल्यानंतर रुग्णाच्या तोंडून एक वाक्य वारंवार बाहेर पडते. पन्नाशीच्या आतबाहेरचा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. जिभेच्या कडेची जखम दोन महिने भरून येत नाही म्हणून तो दवाखान्यात जातो. डॉक्टर जखमेचा तुकडा काढून तपासणीस पाठवतात आणि काही दिवसांनी अहवाल हाती येतो. घरी परतताना पत्नी सारा धीर एकवटून म्हणते, ''अहो, आता तरी ती बाटली सोडा.'' त्यावर तो शांतपणे उत्तर देतो, ''जे व्हायचे ते होऊन गेले. आता सोडून काय उपयोग?''

हा गृहस्थ कोणी एक नाही. थोड्याफार फरकाने असे संभाषण असंख्य घरांतून घडत असते. वरवर पाहता त्याच्या बोलण्यात तर्क दिसतो. ज्या रोगाच्या भयाने व्यसन सोडायचे, तोच रोग दारात येऊन उभा राहिला. मग त्यागाचे प्रयोजन काय उरले? घरच्यांनाही या प्रश्नाचे उत्तर सुचत नाही. किंबहुना ''बिचाऱ्याचे राहिलेच किती दिवस, पिऊ द्या थोडी,'' असे म्हणणारे हितचिंतक नातेवाइकांतूनच निघतात. आजच्या विवेचनाचा विषय हे एकच वाक्य आहे. ते निराशेतून आलेले आहे, म्हणून त्याबद्दल सहानुभूती असावी. परंतु ते खरे नाही. निदानानंतरचा व्यसनत्याग हा उपचाराचाच एक भाग आहे आणि तो रुग्णाने एकट्याने पार पाडण्याचा भाग नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दुर्लक्षित राहिलेला भागीदार

प्रथम प्रश्नाची व्याप्ती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार माणसे या रोगाने दगावली. भारतीय पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत त्या वर्षी याचाच क्रमांक पहिला होता.

या रोगाचे नाव निघाले की तंबाखू, गुटखा, मावा आणि सुपारी यांची आठवण होते आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली ती याच कारणासाठी. तथापि या टोळीतील एक भागीदार बराच काळ दुर्लक्षित राहिला, तो म्हणजे मद्य. ''तंबाखूने कर्करोग होतो, दारूने यकृत बिघडते,'' अशी सोयीस्कर वाटणी लोकांच्या मनात झालेली आहे. वस्तुत: वर उल्लेखिलेल्या संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्यपानाचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या कारणांत केला होता. त्या यादीत तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि यकृत या अवयवांचा स्पष्ट निर्देश होता.

आपल्याकडील पुरावाही आता उपलब्ध झाला आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधकांनी गालाच्या आतील भागाचा कर्करोग झालेले १,८०३ पुरुष आणि तो न झालेले १,९०३ पुरुष यांची तुलना केली. हा अभ्यास २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे ९ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे साधारण एका पेयाइतके मद्य घेणाऱ्यांतही धोका सुमारे दीडपट झाल्याचे त्यात दिसून आले. गावठी दारू पिणाऱ्यांत धोका अधिक होता; परंतु विदेशी बाटली घेणारे आणि केवळ बिअर पिणारेही त्यातून सुटले नव्हते. 'आम्ही भारीतली घेतो' या समाधानाला शास्त्राचा आधार नाही. बाटलीवरचे नाव आणि किंमत बदलते. आतील मद्यार्क तोच असतो.

मद्य तोंडात काय करते?

मद्य पोटात गेल्यावर जे करायचे ते करते, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचे कार्य ओठाला पेला लागताच सुरू होते. तोंडातील जंतू मद्यार्काचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात करतात. हे द्रव्य लाळेत मिसळून जीभ, गाल, हिरड्या आणि घसा यांच्या अस्तराला भिडते आणि पेशींच्या आतील आनुवंशिक द्रव्याला, म्हणजे डीएनएला, इजा पोहोचवते. पेशीची स्वत:ची दुरुस्तीची व्यवस्था असते. पण रोजच्या आघातापुढे ती अपुरी पडू लागते. तोंड अस्वच्छ असेल तर जंतू अधिक आणि म्हणून विषही अधिक.

दुसरी गोष्ट अशी की, मद्यामुळे तोंडाच्या नाजूक अस्तरातून बाहेरची द्रव्ये आत शिरणे सुलभ होते. तंबाखूतील कर्करोगकारक रसायने एरवी जितकी आत झिरपली असती, त्याहून अधिक झिरपतात. म्हणूनच तंबाखू आणि दारू एकत्र आल्यावर धोक्याची केवळ बेरीज होत नाही, गुणाकार होतो. त्यातच पिणाऱ्याचे जेवण तुटते, फॉलिक आम्ल आणि इतर जीवनसत्त्वे कमी पडतात आणि शरीराची झीज भरून काढण्याची शक्ती खालावते. संध्याकाळी पेला, सोबत सिगारेट आणि वर सुपारीचा तोबरा हा अनेकांचा नित्यक्रम या दृष्टीने पाहिला म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानी येते.

एक तण उपटले, शेताचे काय?

आता त्या गृहस्थाच्या प्रश्नाकडे वळू. जे व्हायचे ते होऊन गेले, हे खरे आहे काय?

अमेरिकेतील शिकागो येथील स्लॉटर या शल्यविशारदाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९५३ साली तोंडाच्या कर्करोगाच्या ७८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठीच्या भोवतालचा जो भाग डोळ्यांना निरोगी दिसत होता, तोही सूक्ष्मदर्शकाखाली बदललेला आढळला. काही रुग्णांत एकाच वेळी एकाहून अधिक ठिकाणी कर्करोग होता. त्यांनी या अवस्थेचे वर्णन करताना शेताची कल्पना वापरली आणि कर्करोगशास्त्रात ती आजही रूढ आहे. शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. डोळ्यांना दिसणारे एक तण उपटले, पण बी साऱ्या वावरात पडलेले आहे. त्यावर पुन्हा पाणी सोडले तर दुसरे तण उगवणारच. वर्षानुवर्षे मद्य आणि तंबाखूने भिजलेले तोंड, घसा आणि अन्ननलिका हे असे एक सलग शेत असते.

डोके व मान या भागाचा कर्करोग एकदा बरा झालेल्या रुग्णांत दरवर्षी साधारणत: शंभरापैकी तीन ते सात जणांना दुसरा, स्वतंत्र कर्करोग होतो, असा वैद्यकीय अनुभव आहे. हा पहिल्याचा उरलेला अंश नसून नवा रोग असतो. पहिल्या रोगातून सुटलेला माणूस पुष्कळदा या दुसऱ्या रोगाला बळी पडतो. 'जे व्हायचे ते' होऊन गेलेले नसते, ते असे.

याची दुसरी, दिलासा देणारी बाजूही आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने मद्य कमी केल्याने किंवा सोडल्याने कर्करोगाचा धोका घटतो काय, या एकाच प्रश्नाचा जगभरच्या अभ्यासांच्या आधारे परामर्श घेतला. २०२३ च्या डिसेंबरात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या बाबतीत धोका घटतो, याला पुरेसा पुरावा असल्याचे त्यांनी नमूद केले. ही घट एका रात्रीत होत नाही. तिला वर्षे लागतात. म्हणूनच आरंभ आज झाला पाहिजे.

शस्त्रक्रिया आणि किरणोपचार

दूरच्या भविष्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तरी येऊ घातलेल्या चार महिन्यांचे काय?

तोंडाच्या कर्करोगाचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया हा आहे. जबड्याचा किंवा जिभेचा भाग काढावा लागला तर शल्यविशारद मनगटाजवळची त्वचा किंवा पायातील हाडाचा तुकडा घेऊन ती पोकळी भरतात. त्या तुकड्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील रक्तवाहिन्यांना जोडल्या जातात. कित्येक तासांच्या या कौशल्यावर सिगारेट किंवा तंबाखूतील निकोटिन पाणी फिरवू शकते. कारण ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. मद्याने यकृत बिघडलेले असेल तर रक्त लवकर गोठत नाही. जखम चिघळण्याचा आणि न्यूमोनियाचा धोका नित्य पिणाऱ्यांत जास्त असतो. शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे व्यसनमुक्ती लाभली तर उत्तमच. तेवढा अवधी नसेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. पण हाती असतील तितके दिवसही मोलाचे आहेत.

त्यानंतर अनेकांना किरणोपचार घ्यावे लागतात. आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे ते चालतात. त्या काळात तोंड आतून सोलवटते, लाळ आटते, भाताचा मऊ घासही बोचतो. अशा तोंडात मद्य ओतणे म्हणजे जखमेवर निखारा ठेवणे होय. किरणांची परिणामकारकताही व्यसनाने उणावते. कॅनडात झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किरणोपचार चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत गाठ पूर्णपणे नाहीशी झाली. न करणाऱ्यांत हेच प्रमाण ७४ टक्के होते. उपचाराची मात्रा सारखी आणि यंत्रेही सारखी, तरीही एवढे अंतर पडावे, हे विचार करायला लावणारे आहे. जो रुग्ण पेल्यासोबत सिगारेट ओढतो, त्याला पेला सोडल्यावाचून सिगारेट सोडणे दुष्कर असते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

निश्चय हवा, पण देखरेखीखाली

येथे एक अत्यंत महत्त्वाची सूचना करणे आवश्यक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने अहवाल हाती येताच घरच्या घरी एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे ठरू शकते. त्याच्या मज्जासंस्थेला मद्याची सवय जडलेली असते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना अपस्मारासारखे झटके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, ताप आणि बेभानपणा अशी स्थिती उद्भवू शकते. वैद्यकशास्त्रात तिला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न झाल्यास ती प्राणावरही बेतते.

हीच स्थिती शस्त्रक्रियेनंतर उद्भवली तर काय होईल, याची कल्पना करावी. मानेला छिद्र करून श्वासाची नळी बसवलेली, नाकातून अन्नाची नळी, जबड्यात ताजे टाके आणि रुग्ण बेभान होऊन त्या नळ्या ओढतो आहे! हा प्रसंग बहुधा टाळता येण्याजोगा असतो. तो ओढवतो तो एका छोट्याशा असत्यामुळे. प्रवेशाच्या वेळी डॉक्टर विचारतात, ''दारू घेता का?'' रुग्ण म्हणतो, ''कधीमधी.'' शेजारी उभी असलेली पत्नी खाली मान घालते. चार लोकांत नवऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून तीही गप्प राहते. ही लाज सोडली पाहिजे. किती, कोणती आणि कधीपासून, हे खरेखरे सांगावे. मग डॉक्टर योग्य औषधे देऊन शरीर सावकाश सावरतात, ब-१ जीवनसत्त्वाची उणीव भरून काढतात आणि आवश्यक तेथे मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घेतात. आयुर्वेदातील आसवे-अरिष्टे, खोकल्याची काही औषधे आणि गुळण्यांची काही द्रावणे यांतही मद्यार्क असतो. ती घेत असल्यास तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

बुद्धी पुरेशी नसते

''एवढे कळत असूनही सोडत नाही, म्हणजे याला घरादाराची पर्वाच नाही,'' असा निवाडा पुष्कळदा दिला जातो. या संदर्भात सिग्मंड फ्रॉइड यांचे उदाहरण बोलके आहे. मानवी मनाचा शोध घेण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या फ्रॉइड यांना १९२३ साली टाळूचा कर्करोग झाला. त्यांचे व्यसन सिगारचे होते. पुढील सोळा वर्षांत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तोंड आणि नाक यांमधील पोकळी बंद करण्यासाठी त्यांना वेदनादायक कृत्रिम कवळी वापरावी लागे. डॉक्टरांनी बजावले, स्वत:लाही सारे उमगत होते. तरीही सिगार कायमची सुटली नाही. १९३९ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्ञानी माणसाची ही गत असेल तर सामान्य माणसाला केवळ उपदेश करून काय साधणार? व्यसन हा मेंदूच्या घडणीत शिरलेला आजार आहे. त्याला जबाबदारीची जाणीव द्यावी. पण धिक्काराने तो बरा होत नाही.

याउलट निदानानंतरही आयुष्य उभे राहू शकते, याचेही उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. शरद पवार यांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचार घेऊन ते पुन्हा कामाला लागले आणि पुढे जाहीर कार्यक्रमांतून त्यांनी आपल्या जुन्या सवयीबद्दल खेद व्यक्त करून इतरांना सावध केले. राजकीय मतभेद बाजूला ठेवून पाहावे असे हे उदाहरण आहे. निदानानंतर दोन दशकांहून अधिक काळ सार्वजनिक जीवनात राहिलेला माणूस 'आता काय उपयोग' या वाक्याला आपल्या जगण्यानेच उत्तर देत असतो.

सुधाकर पुन्हा का प्याला?

मराठी माणसाला मद्याची शोकांतिका राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाने दाखवली. १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, ते रंगभूमीवर आले. पहिला प्याला सुधाकराच्या हाती कसा आला, हे सर्वांना आठवते. त्याच नाटकातील दुसरी गोष्ट मात्र विस्मरणात जाते. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. सन्मार्गाने कष्ट करून जगावे म्हणून काम मागायला बाहेर पडतो. तेथे त्याच्या वाट्याला अविश्वास आणि अवहेलना येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिला प्याला त्याचा स्वत:चा होता. या दुसऱ्या पतनात समाजाचाही वाटा होता.

कर्करोगाचा रुग्ण तर दुहेरी कलंक वाहत असतो. चेहरा बदललेला, शब्द अस्पष्ट, घास ओठातून सांडतो, म्हणून तो लग्नकार्याला जायचे टाळतो. एकटा पडतो आणि एकटेपणात जुना सोबती आठवतो. त्याला पंगतीत शेजारी बसवून घेणे, त्याचे बोलणे न कंटाळता ऐकणे, त्याच्यासाठी मऊ भात आणि पातळ कढी वेगळी काढून ठेवणे, ही कोणालाही करता येण्यासारखी सेवा आहे. जुन्या मित्रांनी एवढेच करावे की, त्याच्यासमोर बाटली उघडू नये. घरात एकही थेंब ठेवू नये. पत्नीने आणि मुलांनी पाळत ठेवण्याऐवजी सोबत करावी. एखाद्या दिवशी पाय घसरलाच तर 'संपले सारे' असे न म्हणता दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे. बहुतेकांचा प्रवास एका दमात पुरा होत नाही.

या वाटेवर आपल्याकडे दिवे लावून ठेवणारी माणसे होऊन गेली आहेत. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे अर्थसाह्य त्यामागे होते. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानायचे आणि त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामावून घ्यायचे, ही दृष्टी तेथे रुजली. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीचे स्वमदत गट महाराष्ट्रातही चालतात. जन्मभराची शपथ न घेता 'फक्त आजचा दिवस प्यायची नाही' एवढाच तेथील संकल्प असतो. निदानाने खचलेल्या माणसाला आयुष्यभराचे ओझे पेलवत नाही; एका दिवसाचे पेलवते. दूरध्वनीवरूनही मदत मिळते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे राष्ट्रीय पातळीवरील नि:शुल्क क्रमांक आहेत.

जे आज निरोगी आहेत, त्यांनी आठवड्यातून एकदा आरशासमोर तोंड उघडून पाहावे. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटे मावणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, विनाकारण हलणारा दात किंवा मानेतील गाठ दिसली तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. लवकर सापडलेला हा रोग बरा होऊ शकतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, प्राथमिक अवस्थेत तोंडाच्या गाठीबरोबरच मानेतील ग्रंथीही काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते.

त्या गृहस्थाने घरी परतताना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. उपयोग आहे. टाके नीट भरून येण्यासाठी, किरणांचे काम पूर्ण होण्यासाठी, दुसरा रोग दूर ठेवण्यासाठी आणि शुद्धीवर राहून आपल्या माणसांचा हात हाती घेण्यासाठी उपयोग आहे. रोग कितीही पुढे गेलेला असला तरी यातली शेवटची गोष्ट कोणाच्याही हातून जात नाही. हे उत्तर त्याच्या पत्नीने एकटीने देऊ नये. भावाने, मित्राने आणि शेजाऱ्याने तिच्यासोबत उभे राहून द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे.